कुठल्या जातीचा आहे?

कुत्र्याला घेऊन जिना उतरलं की वाटेत भेटणारा पहिला माणूस विचारतो, ‘कुठल्या जातीचा आहे?’ त्याचं उत्तर मिळालं की लगेच दुसरा प्रश्न येतो, ‘चावतो का?’ हे दोन प्रश्न मी कित्येक वर्षं याच क्रमाने ऐकत आलो आहे. पहिल्याच्या उत्तरातच दुसऱ्याचं उत्तर आहे, असं विचारणाऱ्याने मनाशी धरलेलं असतं. मीही तेच धरून चाललो होतो. आमचा बंटी लॅब्रॅडॉर. ‘लॅब आहे हो, अगदी गरीब जात,’ असं मी दोन वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो. तिसऱ्या वर्षी तो माझ्या भाच्याला चावला.

गणपतीचे दिवस होते. घरात पंधरा-वीस माणसं, आरतीच्या झांजा, खाली रस्त्यावर फटाके. बंटी जेवणाच्या टेबलाखाली भिंतीकडे तोंड करून बसला होता. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली, आणि काही खाल्लेलं नसताना तो पुन्हा पुन्हा ओठ चाटत होता. हे सगळं मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ मला कळत नव्हता. सात वर्षांचा भाचा हातात मोदक घेऊन टेबलाखाली शिरला आणि त्याने बंटीच्या गळ्यात हात टाकला. बंटी गुरगुरला नाही, सरळ चावला. मनगटावर चार टाके पडले, लशीची सगळी इंजेक्शनं घ्यावी लागली. त्याहून वाईट म्हणजे त्या मुलाच्या डोळ्यांत पुढे कित्येक महिने कुत्र्याची भीती राहिली.

‘लॅब असून चावला! आणि काही न सांगता!’ घरातले सगळे म्हणत होते. तो काही न सांगता का चावला, हे फक्त मला ठाऊक होतं. बंटी वर्षाचा असताना पाहुण्यांवर गुरगुरायचा. तेव्हा एका ट्रेनरने मला सांगितलं होतं, गुरगुरला की वर्तमानपत्राची सुरळी नाकावर मारायची. मी मारली. दोन-तीन महिन्यांत त्याचं गुरगुरणं बंद झालं आणि कुत्रा सुधारला म्हणून मी खूश झालो. त्याची भीती तशीच होती, मी फक्त तिचा आवाज बंद केला होता. ‘जवळ येऊ नका’ हे सांगायला कुत्र्याकडे गुरगुरण्याइतकं सभ्य दुसरं साधन नाही, आणि तेच मी त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

म्हणून हा लेख. जातीला अर्थ नाही, सगळं संगोपनावर असतं, असं मला म्हणायचं नाही. तसं म्हणणारे प्राणिप्रेमी पुष्कळ आहेत आणि त्यांचा हेतू चांगला असला तरी ते खरं नाही. लातूर-नांदेडकडचा कारवान पाहावा. लांब पाय, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं. नजरेच्या टप्प्यात ससा हलला की हा कुत्रा सुटतो, मग मागून कितीही हाका मारा. पिढ्यान् पिढ्या नजरेने शिकार करणाऱ्या आणि धावताना मालकाच्या हुकुमाची वाट न पाहणाऱ्या कुत्र्यांची वेतं राखून ही जात घडली. त्याला फ्लॅटमध्ये आणून ‘ऐकत नाही’ म्हणणाऱ्याने कुत्र्याचं काहीच ओळखलेलं नाही. रशियात नोवोसिबिर्स्कजवळ दिमित्री बेल्यायेव यांनी 1959 मध्ये रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला आणि दर पिढीत माणसाला सर्वांत कमी बुजणारी पिल्लं तेवढी पुढच्या वेतासाठी निवडली. थोड्याच पिढ्यांत माणूस दिसला की शेपूट हलवणारे कोल्हे जन्माला येऊ लागले. स्वभावाचा काही भाग रक्तातून येतो, हे याहून स्पष्ट कसं दिसणार?

प्रश्न आहे तो किती आणि कोणता भाग, हा. अमेरिकेत 18 हजारांहून अधिक कुत्र्यांची त्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचा जनुकीय आराखडा तपासून केलेला एक अभ्यास 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यात असं दिसलं की एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला सुमारे 9 टक्केच जातीवरून सांगता येतो. सांगितलेलं किती ऐकतो, यासारख्या गुणांत जातीचा हात जास्त होता. डिवचल्यावर किती लवकर अंगावर येतो, यात मात्र जवळजवळ नव्हता. हे घरगुती कुत्रे होते आणि माहिती मालकांनी दिलेली होती, तेव्हा कामासाठी काटेकोर निवडून वाढवलेल्या कुत्र्यांना हाच आकडा लावता येणार नाही. पण आपल्या सोसायट्यांतले कुत्रेही घरगुतीच आहेत. कुत्र्याला काय करायला आवडेल, चेंडू आणायला, वास घेत फिरायला की धावणाऱ्याच्या मागे लागायला, याचा अंदाज जात देते. तो तुमच्या मुलाला चावेल का, हे तिला विचारून कळत नाही.

मराठीत ब्रीडलाही आपण जातच म्हणतो. त्याबरोबर जातिवंत, जात्याच, गावठी हे शब्दही येतात, आणि त्यांच्यामागून एक समज न बोलता आत येतो: गुण जन्माबरोबर ठरतात, वंश शुद्ध असला की गुण शुद्ध. माणसांच्या बाबतीत या समजाने आपल्याकडे काय केलं ते वेगळं सांगायला नको. तुलना अर्थात इथेच थांबायला हवी, कारण माणसाची जात समाजाने लादलेली आहे आणि कुत्र्याची ब्रीड माणसाने खरोखर निवडून घडवलेली आहे. पण घडवल्याला फार काळही झालेला नाही. लंडनचा केनेल क्लब 1873 चा. आज ‘शुद्ध’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक जाती त्यानंतर वंशावळीच्या वह्यांत बंद झाल्या. जर्मन शेफर्ड ही जात माक्स फॉन श्टेफानिट्झ या घोडदळातल्या अधिकाऱ्याने 1899 मध्ये एक कुत्रा विकत घेऊन मांडली. डोबरमन हे नाव आपोल्डा गावच्या लुई डोबरमनचं. तो करवसुली करायचा आणि त्याला सोबत धाक बसवणारं जनावर हवं होतं. या स्वभावांमागे माणसाची गरज आणि माणसाची निवड आहे. तो मागचा माणूस आपण विसरतो आणि मग कुत्र्याकडे पाहून म्हणतो, जातच तशी.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की जातीचं नाव मालकाच्या डोक्यात असतं आणि तिथून ते मालकाच्या हातांत उतरतं. आमच्या मागच्या इमारतीत एक रॉटवायलर आहे. ‘डेंजर जात’ म्हणून तो सहा महिन्यांचा असल्यापासून पार्किंगमध्ये चार फुटी साखळीवर बांधलेला असतो. येणारीजाणारी मुलं लांबून दगड मारतात आणि तो साखळी ताणून भुंकला की मालक कौतुकाने हसतो. तो कुत्रा पुढे जे करील त्याचा दोष जातीवर जाईल. माझ्या घरी उलटं झालं. ‘गरीब जात’ म्हणून मी काहीच केलं नाही. मी बंटीला चौतीस दिवसांचा असताना आणला, दहा-दहा तास एकटा ठेवला, पाहुण्यांच्या मुलांना त्याच्या अंगावर बसू दिलं. एकाला नावाने वाईट ठरवून बिघडवलं, दुसऱ्याला नावाने चांगलं ठरवून.

चौतीस दिवस का, तर ब्रीडर म्हणाला, ‘लहान न्याल तेवढा लळा लागेल.’ कायद्याने, म्हणजे 2017 च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनी, आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात पिल्लाचे डोळे उघडून तीन आठवडे झाले की सौदा होतो. आई आणि भावंडं पिल्लाला काय देतात ते मला नंतर कळलं. खेळताना जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ मोडतो, आणि यातूनच दात किती दाबायचे ते पिल्लू शिकतं. ते बंटीला शिकता आलं नाही. त्यापुढची चूक तर शहरातले बहुतेक मालक करतात. ‘सगळी इंजेक्शनं होईपर्यंत बाहेर काढायचं नाही’ म्हणून पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत घरात कोंडलेलं राहतं. 1961 मध्ये फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी काही पिल्लं उंच कुंपणाच्या मैदानात माणसांपासून दूर वाढवली. काहींना दोन, तीन, पाच, सात, नऊ आठवड्यांच्या वयात एकेक आठवडा माणसांत आणलं, काहींना चौदा आठवडे माणूस दाखवलाच नाही. सातव्या आठवड्याच्या आसपास माणसांत आलेली पिल्लं सर्वांत मोकळी निघाली, आणि चौदा आठवडे माणूस न पाहिलेली रानटी राहिली. तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्याचा हा काळ परत येत नाही. इंजेक्शनं हवीतच. पण याच दिवसांत पिल्लाला कडेवर घेऊन रिक्षा, शाळेची मुलं, काठी टेकत येणारे आजोबा, देवळातली घंटा हे सगळं दाखवता येतं. कोणी मला तेव्हा सांगितलं असतं तर!

हेच ज्ञान मी एका धनगराच्या तोंडून ऐकलं, तेव्हा मला लाजल्यासारखं झालं. पुरंदरकडे एका शेतात मेंढरं बसवली होती. जाळीच्या आत मेंढरं आणि जाळीला लागून धुळीच्या रंगाचं एक दांडगं कुत्रं. मी दोन पावलं पुढे गेलो तशी ते उभं राहिलं. पाठीवरचे केस ताठ, घशातून खोल गुरगुर. म्हातारा घोंगडीवरून उठलाही नाही. ‘थांबा पाव्हणं, वळख व्हऊ द्या. ते सांगतंय तवर भ्या नाही.’ कुत्र्याचं गुरगुरणं ऐकून तो निर्धास्त होता. थोड्या वेळाने त्याची चार वर्षांची नात त्याच कुत्र्याच्या पोटाला टेकून भाकरी खात बसली. मी विचारलं, याला शिकवलं कसं? ‘शिकवायचं काय त्यात? डोळं उघडल्यापासनं मेंढरांत टाकलं. माणसांत वाढवलं तर त्ये माणसांमागं जाईल, लांडगा आला तरी मेंढराकडं बघायचं नाही.’ रक्त त्या कुत्र्यात होतंच. पण ते कुठल्या दिशेला वळवायचं, हे पहिल्या काही आठवड्यांत कोणाच्या संगतीत वाढलं त्यावर ठरलं, हे तो माणूस कुठलाही प्रबंध न वाचता जाणत होता.

मालकाचा प्रभाव शिस्तीपुरता नसतो. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठात 58 कुत्रे आणि त्यांच्या मालकांच्या केसांतलं कॉर्टिसॉल, म्हणजे दीर्घकाळच्या ताणाची खूण, मोजून 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मालकाचा ताण जास्त तिथे कुत्र्याचाही जास्त होता, आणि त्यात कुत्र्याच्या स्वभावापेक्षा मालकाच्या स्वभावाचा संबंध अधिक दिसला. ते कुत्रे मेंढ्या राखणाऱ्या जातींचे होते, माणसाकडे सतत लक्ष ठेवणारे, त्यामुळे सगळ्या कुत्र्यांबद्दल तेच म्हणता येणार नाही. तरी मला बंटीचं तिसरं वर्ष आठवलं. त्या वर्षी माझी नोकरी डळमळीत होती आणि मी घरात सतत चढ्या आवाजात बोलत होतो. सुरळी मारायला सांगणाऱ्या ट्रेनरचं ‘तुम्ही अल्फा बना’, म्हणजे कळपाचे म्होरके बना, हे वाक्यही तेव्हा डोक्यात होतंच. त्या कल्पनेचं मूळ 1947 मध्ये पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणात आहे. ती लोकप्रिय करणाऱ्या डेव्हिड मीच यांनीच पुढे रानातले लांडगे पाहून ती चुकीची ठरवली. रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. आपल्याकडे मात्र ती अजून पैसे घेऊन शिकवली जाते.

मार्च 2024 मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो अशा 23 जातींच्या आयातीवर, विक्रीवर आणि प्रजननावर बंदी घालायला सांगितलं. पाळलेल्यांची नसबंदी करा, असंही त्यात होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलेलं म्हणून ते रद्द केलं. त्या पत्रामागची भीती खोटी नव्हती. लोक जखमी झाले होते, मेलेही होते, आणि मोठ्या जबड्याचा कुत्रा चावला की इजा मोठीच होते. हे नाकारणं जखमी माणसावर अन्याय आहे. पण यादी करून काय साधतं? ब्रिटनने 1991 मध्ये चार जातींवर बंदी घातली. पुढे यादीबाहेर एक्सएल बुली तयार झाला आणि 2023 च्या शेवटी तोही यादीत घालावा लागला. ज्याला धाक बसवणारं जनावर हवं आहे तो यादीबाहेरचं शोधतो आणि तसंच वाढवतो. नेदरलँड्सने पिटबुलवरची बंदी पंधरा वर्षांनी, 2008 मध्ये, मागे घ्यायचं ठरवलं, कारण चाव्यांची संख्या घटली नव्हती.

अमेरिकेत 2007 मध्ये मायकल विक या फुटबॉलपटूच्या व्हर्जिनियातल्या जागेवरून झुंजीसाठी ठेवलेले 51 पिटबुल सोडवले गेले. अशा कुत्र्यांना सरसकट मारायची तेव्हा रीत होती. या वेळी प्रत्येकाची वेगळी तपासणी झाली आणि बहुतेक वाचले. काही घरांत रुळले, काही पुढे आजारी माणसांना सोबत द्यायला जाऊ लागले. काही आयुष्यभर कोपऱ्यात अंग चोरून बसत राहिले. एकाच जातीचे, एकाच अत्याचारातून आलेले, आणि तरी इतके वेगळे. आपला कायदा हीच तपासणी मालकाची का करत नाही? पिल्लू किती दिवसांचं घेतलं, कुठे ठेवणार, दिवसातून किती तास एकटं, घरात लहान मूल आहे का, त्याला कोण समजावणार? नोंदणीच्या अर्जात जातीचा रकाना असतो. हे विचारायला रकाना नसतो.

चाव्यानंतर बंटीला देऊन टाका, असं सगळे म्हणाले. मी ठेवला. सुरळी सुटली, आवाज खाली आला. घरात गर्दी असली की आतल्या खोलीचं दार लावून त्याच्याजवळ कोणीतरी बसायचं. वर्षभराहून अधिक काळ तो पूर्ण मुका होता. पुढच्या वर्षीच्या गणपतीनंतर, दिवाळीत, शेजारचा मुलगा खिडकीच्या गजांतून त्याच्या अंगावर हात टाकायला गेला, तेव्हा बंटी मागे सरला आणि गुरगुरला. बारीक, घोगरा आवाज, बरेच दिवस न वापरलेला. मी मुलाला म्हटलं, ‘बाळा, हात मागे घे, तो तुला सांगतोय.’ मुलाने हात मागे घेतला. बंटी थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिला, मग येऊन माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला.