पाटी झाकायची सवय

शाल तिथेच खाटेवर ठेवा. नारळही. सत्काराचं मग बघू. मंडईच्या जत्रेच्या निमित्ताने तुम्ही पंधरा-वीस जण एकदम माझ्या सपरीत आलात, निम्मे नागपूर-पुण्याहून, निम्मे याच गावातले. असा योग पुन्हा कधी येईल कोण जाणे, म्हणून आज बोलते. मान खाली घालून ऐकू नका. शाळेतही मला ते चालत नव्हतं.

समोरचं कवेलूचं घर बघा. तिथली आजी गेल्या आठवड्यात हलका धान विकून आली. तीस कट्टे, म्हणजे बारा क्विंटल. व्यापाऱ्याने क्विंटलला 1900 रुपये दिले. 2025-26 च्या हंगामाला साधारण धानाचा हमीभाव 2369 रुपये होता. तुमच्यातले बरेच जण गणितात पैकीच्या पैकी घ्यायचे, करा हिशेब. 5628 रुपये. तिच्या घरात एकटीच्या तोंडाला तेल-मीठ किती लागतं ते मला ठाऊक आहे. वर्षाचा किराणा गेला म्हातारीचा.

सरकारी खरेदी केंद्रावर का नाही विकला? विकायला गेली होती. सातबारा घेऊन नोंदणीला गेली, तर ई-पीक पाहणीत तिच्या गटावर पीकच चढलेलं नव्हतं. ही पाहणी 2021 पासून मोबाइलवर होते. बांधीत उभं राहायचं, गट निवडायचा, पीक निवडायचं, धानाचा फोटो काढायचा. फोन नसलेल्याची नोंद दुसऱ्याच्या फोनवरून करता येते, एका फोनवरून कितीतरी खातेदारांची होते. हे तिला कोण सांगणार? तिच्या बांधीला लागून कोणाची बांधी आहे? तुझी. तू ऑगस्टमध्ये त्याच धुऱ्यावर उभा राहून स्वतःच्या धानाचा फोटो काढलास. मी रस्त्याने जाताना पाहिलं आहे. आजी पाच हातांवर वाकून निंदण करत होती. तुला वळून एवढंही विचारवलं नाही, की आजी, तुझी नोंद झाली का? पाच मिनिटांचं काम होतं रे. त्या पाच मिनिटांत तू फोनवर काय बघितलंस, ते आज तुला आठवतही नसेल.

मी तिला विचारलं, कोणाला सांगितलं का नाहीस? म्हणाली, ‘‘पोरं आपल्या कामात, कोनाले सांगू बाई?’’ ज्या गावात तिने रोवणीच्या दिवसांत तुमच्या आयांच्या बरोबरीने कमरेत वाकून परे लावले, तुम्हाला पाळण्यात झोका दिला, त्या गावात तिला मदत मागायची लाज वाटते. ही लाज तिची नाही. तुमची आहे.

आता तू. हो, कृषीची पदवी घेतलेला तू. पोळ्यानंतर तुझ्या बांधीत तुडतुडा दिसला. तुला कळलं, कारण तू शिकलास. तू बांधीतलं पाणी काढलंस, चार दिवस चिखल सुकू दिला, युरियाचा हात आखडला, फवाऱ्याचं तोंड बुडाशी धरलंस. तुझं पीक वाचलं, आनंद आहे. पण धुऱ्यापलीकडच्या तुझ्या काकाने काय केलं? पान पिवळं दिसतंय म्हणून आणखी युरिया टाकला. दुकानातून स्वस्तातलं औषध आणून वरच्या वर फवारलं. काही औषधांनी, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइडने, तुडतुडा मरण्याऐवजी वाढतो, कारण त्याला खाणारे कोळी आणि शेतातले मित्र ढेकूण आधी मरतात. हे तूच मला एकदा समजावून सांगितलं होतंस. मला सांगितलंस. मी काय धान लावते?

दसऱ्याच्या आधी काका मला बांधीवर घेऊन गेला. वरून सगळं हिरवं. मी खाली बसले, दोन्ही हातांनी एक चूड फाकवली. बुडाशी, पाण्यापासून चार बोटांवर, तपकिरी किड्यांचा थर होता. हात लागताच ते तिरके तिरके सरकत चुडीच्या मागे गेले, काही पाण्यावर पडून परत चढले. मी काकाकडे बघितलं. त्याने आजवर चूड फाकवून पाहिलीच नव्हती, कारण पाहायला कोणी सांगितलं नव्हतं. पंधरा दिवसांत बांधीच्या मधोमध गोल गोल चट्टे पडले, जणू कोणी तिथं जाळ केला होता. काका अजून म्हणतो, यंदा दैव फिरलं. दैव नाही फिरलं. पुतण्याने तोंड उघडलं नाही. धुऱ्यावरून मालकी हक्काचा वाद आहे तुमचा, माहीत आहे मला. वाद कोर्टात चालू दे. तुडतुड्याला तुमचा सातबारा वाचता येत नाही, तो उद्या तुझ्या बांधीत परत येईल.

2007 साली तंटामुक्त गाव मोहीम आली, तेव्हा गावोगाव फलक लागले. भांडण मिटवणं चांगलंच. पण भांडण नाही म्हणजे शेजार आहे, अशी तुम्ही समजूत करून घेतलीत. कोणी कोणाशी बोलतच नाही, मग तंटा होणार कुठून?

मघाशी कोणीतरी हळूच बोललं. मी ऐकलं. ‘‘बाई, पाटी झाकायला तुम्हीच शिकवलंत.’’ मोठ्याने बोल. बरोबर बोललास.

मी शिकवलं. शेजारच्याला उत्तर दाखवलं म्हणून तुझ्या हातावर छडी मारली आहे, तुझ्याही. परीक्षेत पाटी झाकायची असते, कारण कोणाला काय येत नाही हे मला कळायला हवं होतं, म्हणजे मला ते पुन्हा शिकवता यावं. तेवढ्यासाठी तो नियम होता. परीक्षा संपल्यावर पाटी उघडी ठेवायला सांगायचं माझ्याकडून राहिलं असेल, तर तो माझा दोष, मी पदरात घेते. पण तुम्ही आता चाळिशीला आलात. परीक्षा केव्हाच संपली, हे तुम्हाला अजून कोणी सांगायला हवं का?

आपल्या जिल्ह्यातल्या जमिनीकडे बघा जरा. हे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोणी बांधले? कोहळी लोकांनी, पाणी कुठून येतं आणि कुठं थांबतं हे डोळ्यांनी ओळखून. नवेगावबांधचा एवढा मोठा तलाव त्यातलाच. तलावाची पाळ सगळ्यांनी मिळून चोपायची, तुडूम कधी उघडायचं हे ठरवायचं, आणि पाणकर बांधीबांधीला पाणी फिरवायचा. वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत उतरतं, अशीच आपल्या शेताची रचना आहे. वरच्याने बांध घालून बसायचं ठरवलं, तर खालचा धान करपतो. 1950 नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, गाळ साचला, पाळीवर झुडपं उगवली, कारण आता ते ‘आपलं’ काम राहिलं नाही असं लोकांना वाटलं. त्या तलावांसारखीच गत तुम्ही माहितीचीही केलीत. ज्याच्याकडे साचली, तिथेच कुजली.

मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते, हे मी तुम्हाला पाचवीत सांगितलं होतं. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. एवढा व्यासंगी माणूस, पण इथे आल्यावर इथल्याच माधवराव पाटलांच्या सोबतीने रान, तलाव, पाखरं पाहत फिरला. साहेबाला विचारायला कमीपणा वाटला नाही, आणि पाटलांनी आपलं ज्ञान झाकून ठेवलं नाही. म्हणून नवेगावचं रान मराठी पुस्तकात आलं. याच जिल्ह्यात धानाच्या बांधीत सारसाने घरटं केलं, तर ते राखणारे शेतकरी आहेत. पाखराची अंडी राखायला मन लागतं, ते तुमच्या मातीत आहे. माणसापाशी आल्यावर ते कुठं जातं?

आणि सांगितलं तर कसं सांगता, तेही ऐका. खालच्या टोलीत दोन वर्षांपूर्वी एका पोराला रात्री झोपेत साप चावला. पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला, पापण्या उघडेनात. अंगावर चावल्याची खूण धड दिसत नव्हती. मण्यार असाच चावतो, खाली झोपलेल्याला, दुखत नाही, सूज नाही. आठ-दहा शेजारी धावून आले. एकाने सांगितलं दोरी आवळून बांधा, दुसऱ्याने ब्लेड आणलं, तिसऱ्याने शेजारच्या गावातल्या मांत्रिकाचा पत्ता दिला. इकडे बघ, तेव्हा तिथं तुझी बायको उभी होती, जी आरोग्य केंद्रात काम करते. तिला सगळं माहीत होतं. मोठी माणसं बोलतात म्हणून ती गप्प राहिली. शेवटी पोराच्या मामाने 108 ला फोन लावला, रुग्णालयात सापाच्या विषावरचं प्रतिविष दिलं, पोर वाचलं. ज्यांना काही ठाऊक नव्हतं ते ओरडून सांगत होते आणि जिला ठाऊक होतं तिने जीभ चावली. तिला घरी जाऊन सांग, बाईंनी विचारलंय, पुढच्या वेळी कोणाची वाट बघणार आहेस?

येत नसेल तर ‘मला माहीत नाही, पण ज्याला माहीत आहे त्याच्याकडे चल’ असं म्हणायला शिका. मी तुम्हाला वर्गात हे वाक्य बोलू दिलं नाही कदाचित. आज बोला.

तुम्ही शहरातले, तुम्हीही सुटलात असं समजू नका. गावच्या पोराला कॉलेजचा अर्ज भरायचा असतो, शिष्यवृत्तीची तारीख निघून जाते, सिकलसेलची तपासणी कुठं करायची हे लग्न ठरलेल्या घरात कोणाला ठाऊक नसतं. आपल्या भागात तो आजार किती घरांत आहे, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. दिवाळीत येता, फटाके उडवता, मंडईत दंडार बघता, निघून जाता. एक संध्याकाळ कोणाच्या आंगणात बसून विचारलंत, काय अडलंय?

चहा होतो आहे. पण आधी तू उठ. हो, तूच, धुऱ्यावरचा. समोर जा. आजीच्या बांधीत लाखोळी पडली आहे, रब्बीची नोंद कधी सुरू होते आणि कधी संपते ते फोनमध्ये बघ आणि ती तारीख तिच्या भिंतीवर कोळशाने लिहून ये, मोठ्या अक्षरात. सातबारा देवाच्या फोटोमागच्या पिशवीत आहे. तिचा चष्मा फुटलाय, वाचून दाखव. गट क्रमांक तिला तोंडपाठ आहे, तरी तपासून घे. चहा झाकून ठेवते तुझा.