बापाचं नाव

जत तालुक्यातल्या एका आबांकडं हरणी नावाची कारवान कुत्री होती. सीमेपलीकडं मुधोळ म्हणतात तीच ही जात. आत गेलेलं पोट, लांबोडकं तोंड आणि पळताना चारही पाय पोटाखाली गोळा. पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्यानं केनेल क्लब ऑफ इंडियात तिची नोंद केली. खांद्यांच्या मधोमध कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसली.

"हा क्लब करतो तरी काय?"

"वंशावळ लिहितो, आबा. आई कोण, बाप कोण, आजा कोण. ऑफिस चेन्नईला."

"म्हंजे कुत्र्यांचा हेळवी म्हण की!"

पुतण्या हसला, पण घराण्यांच्या वंशावळी चोपडीत लिहिणाऱ्या हेळव्याचं नाव घेण्यात आबा फारसे चुकले नव्हते. लंडनचा केनेल क्लब निघाला 1873 साली, आणि पुढच्याच वर्षी त्यानं वंशावळीचं पहिलं पुस्तक काढलं. तरी एकाच नावाची इतकी कुत्री प्रदर्शनांत यायची की कोण कुठलं कळेना. मग 1880 साली नावनोंदणी आली. बाकी जातीची मापं, प्रदर्शनं, बिल्ले हा सगळा थाट त्या चोपडीच्या जिवावर.

हरणी माजावर आली तेव्हा तिला सोलापूरच्या एका नोंदणीतल्या नराकडं नेलं. परतल्यावर तिसऱ्या रात्री ती साखळी सोडवून पळाली. पहाटे आली ती अंगभर कुसळं घेऊन. दोन महिन्यांनी सहा पिल्लं झाली. महिनाभरात चार सडपातळ दिसू लागली. दोघांची तोंडं मात्र आखूड, शेपट्या पाठीवर वळलेल्या.

पुतण्या फॉर्म घेऊन आला. नराच्या मालकाची सही झालेली होती.

"ही दोन सोडू. चार तर सोलापूरचीच."

"तुला कुणी सांगितलं? एका वेतात दोन बाप असत्यात कुत्रीला."

"आबा, कागद नसला तर निम्मे पैसे येतील. आणि चेन्नईत बसून त्यांना काय कळणार?"

"न्हाईच कळायचं. म्हणून तर खाली माझी सही मागितलीय."

पिल्लं बिनकागदाची गेली, पडेल त्या भावानं. एक वळलेल्या शेपटीचं घरीच राहिलं. पुतण्यानं दिवाळीपर्यंत फोन केला नाही.

माघात हेळवी आला. पूर्वी त्याचा बाप बैलावरून यायचा, हा मोटारसायकलवर. ओट्यावर बसून त्यानं चोपडी उघडली आणि पणजोबांपासूनची नावं एका दमात म्हणून दाखवली. सुट्टीला आलेला पुतण्या जवळच बसला होता. त्यानं विचारलं, "आमच्यातल्या कुणी खोटं नाव सांगितलं तर तुम्हाला कळतं का हो?"

"पाव्हणं, पोर जन्मतं तवा मी असतो व्हय तिथं?"

ओट्याखाली वळलेल्या शेपटीचं कुत्रं पाय पसरून झोपलं होतं. हेळव्यानं पेनाचं टोपण काढलं, कोरं पान उलगडलं आणि आबांकडं पाहिलं.