कल्पित गोष्ट खोटी असते काय?



गेल्या रविवारी मिस्सानंतर रेडीतील एका आईने आम्हांला थांबवून विचारले, "फादर, झील दिसभर जादूची पुस्तकां वाचता. ताका वाचूक देव की नको?"

असाच प्रश्न पूर्वीच्या धर्मग्रामात आला होता. तेव्हा पुस्तक न उघडताच आम्ही "नको" म्हणून मोकळे झालो. मुलाने पुस्तक परत केले आणि आमच्याशी बोलणेही सोडले. पुढे ते पुस्तक आम्ही वाचले. मित्रासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या मुलांची ती कथा होती. म्हणून यावेळी आम्ही ते पुस्तक आठ दिवसांसाठी मागून घेतले.

जे कधी घडलेच नाही ते मुलांना सांगणे, हे असत्य नव्हे काय? संत अगस्तीन यांनी अम्माऊसच्या वाटेवरील प्रसंगावरून याचा विचार केला आहे. तेथे प्रभू येशूने जणू आपल्याला पुढे जायचे आहे असे दाखवले. ही फसवणूक नव्हती, असे ते सांगतात. ज्या रचनेमागे अर्थ असतो ती असत्य नसून सत्याचे रूपक असते. उधळ्या पुत्राचा दाखलाही असाच. खोटे बोलणाऱ्याला वाटते, ऐकणाऱ्याने फसावे. "एक होता राजा" म्हणणारा कोणालाच फसवत नाही. उलट, नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, म्हणूनच दावीद राजाला स्वतःचे पाप दिसले.

विज्ञानकथेचेही तेच. डॉ. जयंत नारळीकर (1938–2025) यांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, हा हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत यंत्राच्या हाती किती शक्ती द्यावी, हा प्रश्न आहे. मोबाइल हातात घेऊन वाढणाऱ्या आपल्या मुलांना हा प्रश्न परका नाही.

मग सगळीच पुस्तके चांगली काय? नाही. जादूटोणा आणि भविष्यकथन यांपासून दूर राहा, असे ख्रिस्तसभा सांगते. मूल गोष्ट सोडून मंत्रतंत्राच्या मागे लागले, तर पालकांनी जरूर थांबवावे. परंतु पुस्तकात जादू आहे एवढ्यावरून निवाडा करू नये. त्यातील बलवान आपले बळ कोणासाठी वापरतो? दुष्टपणाला तेथे दुष्टपणाच म्हटले आहे ना? दुबळ्याची चेष्टा होते, की त्याला कोणी हात देते? या प्रश्नांची उत्तरे मुखपृष्ठावर मिळत नाहीत. त्यासाठी पुस्तक वाचावेच लागते.

जे आपण वाचले नाही ते मुलाला नाकारणे सोपे असते, आणि न वाचता हाती देणेही तितकेच सोपे. दोन्हींत आपण आपला वेळ वाचवतो.

त्या माऊलीचे पुस्तक आमचे अर्धे वाचून झाले आहे. पुढील रविवारी आम्ही ते तिच्या मुलाला परत देऊ आणि त्यातील कोणता प्रसंग त्याला आवडला, हे आधी त्यालाच विचारू.