ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो?

बालगृहाला संगणक मिळणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. कंपन्या वापरातून काढलेले संगणक देतात, कुणी देणगीदार वाढदिवसाला नवा आणून देतो. हार घातला जातो, नारळ फुटतो, मुलांना रांगेत उभं करून फोटो निघतो. (बाल न्याय अधिनियमाचं 74 वं कलम या मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं, फोटो समाजमाध्यमांवर टाकणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.) मला काळजी वाटते ती त्यानंतरची. त्या संगणकावर मूल बसलं, तर त्याच्या शेजारी कोण बसतं?

दहावीनंतर अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरायचा असतो. नोंदणी करतानाच मोबाइल क्रमांक लागतो. घरातलं मूल आईचा नाहीतर बाबांचा नंबर टाकतं. बालगृहातलं मूल बहुधा अधीक्षकांचा किंवा काळजीवाहक ताईंचा टाकतं, आणि त्याच नंबरवर आणखी कितीतरी मुलांचे अर्ज असतात. नेमके त्या वेळी साहेब बालकल्याण समितीपुढे गेले असतील, तर ओटीपी त्यांच्या खिशात वाजतो, मूल पडद्यापुढे ताटकळतं आणि मुदत संपते. पुन्हा विनंती, पुन्हा वाट. बँकेचं खातं, शिष्यवृत्ती, डिजिलॉकर, सगळीकडे हीच गत. अठरा पूर्ण झाल्यावर मूल बाहेर पडतं आणि त्याच्या कागदपत्रांची किल्ली संस्थेच्या फोनमध्ये राहते. मग साहेबांची बदली होते.

अशा मुलाला एक्सेल येत असेल, टायपिंगही येत असेल. तरीही स्वतःच्या खात्यात शिरण्यासाठी त्याला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं.

कौशल्याची किंमत मी कमी लेखत नाही. महाराष्ट्रात 2001 पासून एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींना माउस हातात धरायला शिकवलं. 2018 मध्ये राज्याने अनाथ मुलांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं. पण लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मिनिटाला मराठीचे 30 किंवा इंग्रजीचे 40 शब्द टंकलिखित करता यावे लागतात. अनाथ प्रमाणपत्र हातात असलं तरी बोटं आपोआप चालत नाहीत. त्याला रोजचा सराव हवा. बालगृहात संगणकाची खोली कुलूपबंद राहत असेल, तर तो सराव कुठे होणार? यंत्र बिघडेल या भीतीने लावलेलं ते कुलूप मला सगळ्यात जास्त खुपतं.

अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद कायद्यात आहे. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांना 21 वर्षांपर्यंत, काही बाबतींत 23 पर्यंत, दरमहा 4000 रुपयांचा आधार आहे. पैसा गरजेचाच. मात्र पहिल्या नोकरीचं ऑफर लेटर खरं की खोटं, "नोंदणी फी भरा" म्हणणारा कोण, हे रात्री दहा वाजता विचारायला माणूस लागतो. घरातली मुलं काकाला फोन करतात.

संगोपन कुटुंबात राहणाऱ्या मुलाला हा माणूस मिळू शकतो, पण नातं ठरावीक मुदतीचं असेल तर तोही सुटतो. दत्तक मुलांची गोष्ट वेगळी. त्यांच्या घरी लॅपटॉपही असतो आणि आईबाबाही. तरी पंधरा-सोळाव्या वर्षी ते मूल दार लावून फेसबुकवर आपल्या जन्माचा माग काढू लागतं, तेव्हा आईबाबांना काय बोलावं सुचत नाही. मुळांचा शोध घेण्याची रीतसर वाट 2022 च्या दत्तक नियमावलीत आहे. मुलाला ती आईबाबांच्या तोंडून कळावी. एखाद्या अनोळखी खात्याने "मी तुझी मावशी" असं लिहिण्याआधी.

म्हणून जिल्हा बाल संरक्षण कक्षांकडे माझं एक मागणं आहे. सतरावं लागलं की मुलाला स्वतःच्या वापरासाठी वेगळं सिम मिळावं आणि आधारला, बँकेला तोच नंबर जोडला जावा. अठरा झाल्यावर ते सिम रीतसर त्याच्या नावावर व्हावं. पासवर्ड संस्थेच्या वहीत राहू नये. आणि पोलीस पडताळणी झालेला एक स्वयंसेवक दर आठवड्याला तासभर त्याच्याजवळ बसावा, किमान दोन वर्षं, म्हणजे मूल संस्थेबाहेर पडल्यानंतरही. निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षिका, आयटीतले तरुण अशी माणसं प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. संगणक देणाऱ्यांची यादी प्रत्येक संस्थेकडे असते. तिच्याशेजारी या माणसांची यादी करायला आजच सुरुवात करता येईल.