मऊभात, आठवण आणि आत्मा
मेतकूट-तूप घातलेल्या मऊभाताचा वास आला की आजारपणात आजीने भरवलेले घास आठवतात. वास नाकाला कळतो, चव जिभेला. मग दोन्ही जोडतो कोण? न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, तिसऱ्या अध्यायात आत्म्याच्या सिद्धीसाठी हाच धागा धरला आहे. आंबट फळ नुसते दिसले तरी तोंडाला पाणी सुटते, म्हणजे डोळा आणि जीभ यांच्यापलीकडे दोघांचे अनुभव सांभाळणारा एक ज्ञाता असला पाहिजे. एकाने खाल्लेले दुसऱ्याला आठवत नाही, हा नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचा, भक्कम मुद्दा. बौद्धांना मात्र असा स्थिर ज्ञाता मान्य नाही. त्यांच्या मते क्षणोक्षणी बदलणाऱ्या विज्ञानप्रवाहात, म्हणजे जाणिवेच्या प्रवाहात, अनुभवांचे संस्कार पुढे सरकतात. आजीने भरवलेला घास आणि आजची आठवण एकाच कार्यकारणसाखळीत येतात, दोन माणसांचे प्रवाह मात्र वेगळे राहतात, म्हणून एकाचे दुसऱ्याला आठवत नाही.