दीड कोयता

शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावची ही गोष्ट. बालाघाटाच्या कुशीतली अशी गावं दिवाळी सरली की निम्मी रिकामी होतात. ट्रॅक्टर येतात, भांडीकुंडी, पीठमीठ, शेळ्या, तान्ही लेकरं वर चढतात आणि टोळ्या कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर.

गणेशचे आई-वडील त्या साली गेले तेव्हा तो नववीत होता. आठवीपर्यंत त्याचं बरं चाललं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत हंगामी वसतिगृह होतं. दोन्ही वेळा तिथं जेवायचं, रात्री आजीजवळ झोपायचं. नववीला तो हायस्कुलात गेला आणि वसतिगृहाच्या यादीतून त्याचं नाव उतरलं, कारण ती सोय आठवीपर्यंतच. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा. चौदा ओलांडली की बालमजुरीच्या कायद्यात पोरगं ‘किशोर’ ठरतं, आणि धोक्याची कामं सोडली तर त्याने मजुरी करायला मनाई नाही. ज्या वयात आवाज फुटतो, मिसरूड येतं, कुणाचं ऐकावंसं वाटत नाही आणि तरी कुणीतरी विचारावं असं वाटत राहतं, नेमक्या त्याच वयात सगळ्यांनी मिळून त्याचा हात सोडला. मला हा मोठा अन्याय वाटतो.

डिसेंबरात गणेश फाट्यावरच्या टपरीवर दिसू लागला. तिथं त्याला मान होता. मुकादमाचा भाचा त्याला मोटारसायकल चालवायला द्यायचा, पुडी पुढे करायचा, ‘पैलवान’ म्हणून हाक मारायचा. शाळेत उशीर झाला की वर्गाबाहेर उभं करत. पंधराव्या वर्षी मुलाने यातलं काय निवडावं? शिक्षकांच्या खोलीत त्याचा निकाल लागून गेला होता: पोरगं वाया गेलं.

वर्गशिक्षिका नव्या होत्या. जानेवारीत हजेरीपट भरताना त्यांनी एक केलं. ज्यांचे आई-वडील तोडीला गेले होते त्या नावांपुढे पेन्सिलीने बारीक टिंब दिलं. मग पान नीट पाहिलं. गैरहजेरीच्या बहुतेक खुणा टिंबांच्या ओळींत होत्या. त्याच मुलांची दिवाळीआधीची हजेरी मात्र जवळजवळ पूर्ण भरलेली. वाया गेलेली मुलं अशी ठरावीक महिन्यांतच वाया जात नाहीत.

संध्याकाळी त्या गणेशच्या घरी गेल्या. आजी उंबऱ्यात बसली होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आत गणेश चुलीपुढे भाकरी थापत होता. पीठ सैल झालं होतं, भाकरी काठवटीला चिकटत होती, तव्यातली एका बाजूने करपली होती. मॅडमना बघून त्याने पिठाचे हात पाठीमागे नेले.

“मला दिसंना बाई,” आजी म्हणाली. “लेकरू चटके घेतंय. सकाळी हापशाला नंबर लावून पाणी आणतंय, मग साळंला उशीर. उशीर झाला की तुमी भाईर उभं करता. मग जातच न्हाई.”

मॅडमनी हजेरीचा विषय काढलाच नाही. पदर खोचून चुलीपुढे बसल्या आणि उरलेल्या भाकरी करून दिल्या.

शाळेत उशिराची शिक्षा बंद झाली, बुडलेला पहिला तास मधल्या सुट्टीत भरून घ्यायचं ठरलं. वसतिगृहाचा विषय अवघड होता. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, “नियमात नववी बसत नाही.” वसतिगृहाच्या स्वयंपाकाच्या मावशी भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “नियमात बसंना, पंगतीत बसंल की!” गावाने ज्वारी जमा केली आणि नववी-दहावीच्या पोरांची पानं मांडली गेली. शाळेच्या वेळेत पोरांना उभं करायचं नाही, हे टपरीवाल्याने कबूल केलं, चार दिवस पाळलं, विसरला, आणि सरपंचांनी पुन्हा जाऊन सांगितलं. ही कामं एकदा सांगून होत नसतात.

राहिले वडील. पहाटे फडात जाणारा, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठणारा माणूस. आठवड्यातून एकदा फोन करून आजीची तब्येत विचारायचा. मॅडमनी त्यांना सांगितलं, “रोज दोन मिनिटं बोला. अभ्यासाचं नाही विचारलं तरी चालेल. आज काय झालं, एवढं विचारा.” रात्री आठला कोपीतून फोन येऊ लागला. सुरुवातीला दोन्हीकडे नुसतंच “हां, हां”. मग एक दिवस गणेशने कबड्डीच्या सामन्याबद्दल सांगितलं, आणि त्या रात्री दोन मिनिटांची वीस झाली.

गणेश काही वर्गात पहिला आला नाही. गणित कच्चंच राहिलं, पुडी सुटायला उन्हाळा उजाडला. पण मार्चच्या पानावर त्याच्या नावापुढे खाडा जवळजवळ नव्हता.

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, टोळ्या परतल्या. पुढच्या हंगामाची उचल वाटायला मुकादम दारात आला तेव्हा गणेशकडे बघून म्हणाला, “पोरगं हाताशी आलंय. दीड कोयता लिवू का?” दीड कोयत्याला उचल जास्त, आणि घरावर मागची बाकी होतीच. वडील थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “एकच लिवा. पोरगं दहावीला हाय.”

त्याच बाकावरचा गणेशचा सोबती मात्र डिसेंबरातच टोळीबरोबर निघून गेला होता, हजेरीपटावर टिंबं पडायच्या आधी. तो परत शाळेत आला नाही. अभ्यासात तो गणेशपेक्षा बरा होता.

तुमच्या गावातून टोळ्या जात असतील तर दसऱ्याच्या आत ग्रामसभेत एवढं विचारा: मागे राहणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांचं पान कुठं मांडणार, आणि त्यांची रोजची विचारपूस कोण करणार? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आल्याशिवाय सभा उठू देऊ नका.