वाचलेले गाव, पाहिलेले गाव

प्रवासाला निघण्यापूर्वी त्या स्थळाविषयी पुस्तके वाचून जावे की कोऱ्या मनाने जावे, हा वाद जुना आहे. एक पक्ष म्हणतो, माहितीवाचून पाहणे म्हणजे नुसते दगड मोजणे. दुसरा म्हणतो, वाचून गेलेल्याला नवे काही दिसतच नाही. तो पुस्तकातले ताडून पाहतो आणि परततो. वरकरणी हा सहलीच्या सोयीचा प्रश्न वाटतो. आम्हांस मात्र तो नीतीचा वाटतो. आपण जिथे जातो तिथे माणसे राहतात, आणि त्यांच्याविषयीचे मत आपण सामानाबरोबर घेऊनच निघालेले असतो.

उदाहरणासाठी दूर जायला नको. आमच्या आंबिवलीहून लोकलने दिव्याला जावे, तेथून वसईची गाडी धरावी आणि किल्ला पाहावा. काहीच न वाचता गेलेल्याला छप्पर नसलेल्या भिंती आणि माजलेली झाडी एवढेच दिसेल. परंतु १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली, दोनशेहून अधिक वर्षे तेथे त्यांचे नगर नांदले, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने ते जिंकले, एवढे ठाऊक असले तरी त्याच भिंती बोलू लागतात. म्हणून वाचून जाणे हे पाहुण्याचे कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो. ज्याच्या दारी जायचे त्याचे नाव-गाव विचारून घ्यावे, तसेच हे.

पण वाचायचे कोणते? य. न. केळकरांचे ‘वसईची मोहीम’ वाचून गेलेला वाचक तटाजवळ थबकेल. मराठ्यांचा पराक्रम त्याला आठवेल. गोव्याचे डॉ. जेर्सन द कुन्हा यांचा चौल आणि वसई यांविषयीचा १८७६ चा इंग्रजी ग्रंथ वाचून गेलेला जेज्विट, डोमिनिकन व फ्रान्सिस्कन संघांच्या भग्न मंदिरांपुढे उभा राहील. १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर प्राण अर्पण करणारे संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे सुपुत्र, हे त्याच्या मनात येईल. दोघेही खरे तेच पाहतील. पण दोघेही अर्धेच पाहतील.

अपुरे वाचन आपल्याला सोयीचे असते, आणि धोका आहे तो तिथे. पोर्तुगीज अमलात या भागातील देवळे पाडली गेली, हे ख्रिस्ती वाचकाने वाचलेच पाहिजे. ते त्याला सुखाचे वाटणार नाही. किल्ला पडल्यावर मराठ्यांनी शत्रूला सन्मानाने बाहेर पडू दिले, हेही त्याने वाचावे. उलट, त्या पडक्या भिंतींत कोणाच्या तरी पूर्वजांचा बाप्तिस्मा झाला होता, कोणाला तरी मूठमाती मिळाली होती, हे विजयकथा वाचून आलेल्याने मनात ठेवावे. वसईच्या मोहिमेनंतर नेलेल्या पोर्तुगीज घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या व भीमाशंकरच्या देवळांत आहेत. त्या घंटेचा नाद एकाच पुस्तकाच्या वाचकाला पुरता ऐकू येणार नाही.

आणि दोन्ही पुस्तके वाचूनही काही उरतेच. किल्ल्याजवळच्या पाचूबंदरात बोंबील वाळत घालणारी कोळीण त्यांपैकी कोणत्या पानावर आहे? तिला विचारल्याशिवाय वसई पाहिली असे कसे म्हणावे?

हे आम्ही तळमळीने लिहितो, त्याला कारण आहे. आमची आंबिवलीही एक वाचले जाणारे गाव आहे. वृत्तपत्रांनी ती इराणी वस्ती, सोनसाखळ्यांच्या चोऱ्या आणि पोलिसांचे छापे एवढ्या शब्दांत जगापुढे मांडली आहे. त्या बातम्या खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. ज्या माउलीच्या गळ्यातले मंगळसूत्र गेले तिचे दुःख खरेच आहे. परंतु तेवढेच वाचून येणारा माणूस स्टेशनवर उतरताच पिशवी छातीशी धरतो. त्याच वस्तीतून शाळेला निघालेले पोर त्याची ती पकड पाहते. २००९ साली मोहोने येथील नॅशनल रेयॉनचा कारखाना बंद पडला, हजारो घरांची चूल त्यावर चालत होती, हे त्या प्रवाशाने वाचलेले नसते. गुन्हा काहींचा, पण वाचला जातो सगळ्यांच्या कपाळी.

शुभवर्तमानातील नथनेलाची गोष्ट येथे आठवते. नाझरेथविषयी त्याचे मत आधीच ठरलेले होते. त्या गावातून काही चांगले निघेल असे त्याला वाटत नव्हते. फिलिपने त्याच्याशी वाद घातला नाही, स्वतः येऊन पाहण्यास सांगितले. नथनेलाचा मोठेपणा असा की मत ठाम असूनही तो उठून गेला, आणि जे दिसले त्यापुढे त्याने आपले मत सोडून दिले.

तेव्हा, वाचकहो, अवश्य वाचून जावे. शक्य तर दोन पुस्तके वाचावीत आणि त्यांतले एक आपल्याला न आवडणारे असावे. गावात पोहोचल्यावर मात्र पुस्तक पिशवीत ठेवावे आणि तिथल्या माणसाला बोलू द्यावे. त्याचे म्हणणे वाचलेल्याशी जुळले नाही, तर घाईने त्याला खोटे ठरवू नये. आणि परतल्यावर, वाचलेल्यातले काय अपुरे निघाले, ते आपल्या घरच्यांना व शेजाऱ्यांना सांगावे. तेही त्या गावचे देणेच आहे.